मातीच्या भिंतींतला रोग

ब्राझील देशांतील मिनास जेराइस प्रांतांत लोहमार्गाच्या मजुरांना हिंवतापानें जेरीस आणलें होतें. तो आटोक्यांत आणण्यासाठीं डॉ. कार्लोस चागास यांची लासान्स या गांवीं नेमणूक झाली. तेथें एका अभियंत्यानें त्यांस एक विलक्षण किडा दाखविला. तो ढेकणाच्याच जातीचा, पण आकारानें कितीतरी मोठा. दिवसा तो कुडाच्या झोंपड्यांतील भेगांत दडून बसे आणि रात्रीं निजलेल्या माणसाच्या चेहऱ्याचें रक्त शोषी. म्हणून लोक त्याला 'न्हावी' म्हणत. त्याच्या आंतड्यांत डॉ. चागास यांस एक सूक्ष्म जंतु आढळला. आणि १९०९ सालीं तोच जंतु तापानें आजारी असलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तांत सांपडला. या रोगाला पुढें त्यांचेंच नांव मिळालें.

हा जंतु किड्याच्या दंशांत नसतो, विष्ठेंत असतो. रक्त पितां पितां किडा तेथेंच घाण करतो. झोंपेंतला माणूस खाजवितो आणि आपल्याच हातानें ती जखमेंत अथवा डोळ्यांत चोळतो. थोडा ताप, क्वचित् एका डोळ्याला सूज, आणि मग अनेक वर्षें कांहींच त्रास नाहीं. मात्र सुमारें एकतृतीयांश रोग्यांचें हृदय कालांतरानें निकामी होऊं लागतें. शेतांत राबणारा धडधाकट माणूस अकस्मात् कोसळतो, आणि घरचीं माणसें दैवाला बोल लावतात.

खेड्यांतच हा रोग कां फैलावला? न लिंपलेल्या भिंती, गवताचें छप्पर आणि उशालगतचीं जनावरें हें त्याचें उत्तर. कोंबड्या किड्याला रक्त पुरवितात. कुत्रीं तर जंतूलाही आश्रय देतात. म्हणून रोग्याइतकीच घरावरही उपाययोजना करावी लागते. १९९१ सालीं दक्षिण अमेरिकेंतील सहा देशांनीं एकजुटीनें घरोघर कीटकनाशकें फवारण्याची मोहीम हातीं घेतली. मुख्य जातीच्या किड्यामार्फत होणारा प्रसार थांबल्याचें उरुग्वेंत १९९७ सालीं, तर ब्राझीलमध्यें २००६ सालीं मान्य झालें.

तरीही जगांत अद्याप सुमारें ७० लक्ष लोकांच्या शरीरांत हा जंतु वास करीत असावा, असा अंदाज आहे. मातेकडून गर्भाला, दूषित रक्तांतून आणि अन्नांतूनही तो पोंचतो. खेडें सोडून शहरांत गेलेल्या माणसाबरोबर तो शहरांतही येतो. आरंभींच औषध मिळाल्यास बहुतेक रोगी बरे होतात. परंतु आपणांस रोग जडला आहे हेंच बहुतेकांस ठाऊक नसतें. ज्याला तपासणीपर्यंत पोंचतां येत नाहीं, त्याचें रक्षण अखेर त्याच्या घराच्या लिंपलेल्या भिंतीलाच करावें लागतें.