केऑस सिद्धांत : नियतता, अननुमेयता आणि फुलपाखराची प्रतिमा

‘केऑस’ या संज्ञेसाठी मराठीत गोंधळ, अनागोंदी, अव्यवस्था असे शब्द सहज सुचतात. त्यांतून नियमांचा अभाव सूचित होतो. गणितात मात्र ही संज्ञा नियमबद्ध व्यवस्थांनाच लावली जाते. अशा व्यवस्थेत आजच्या स्थितीवरून उद्याची स्थिती समीकरणाने पूर्णपणे निश्चित होते. तरीही तिचे दीर्घ मुदतीचे भाकीत करता येत नाही. नियतता आणि अनुमेयता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या सिद्धांताचे मर्म होय.

१९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ संगणकावर हवामानाचे एक सोपे प्रतिमान तपासत होते. एक गणना पुन्हा करताना त्यांनी छापील कागदावरील आकडे मधल्या टप्प्यापासून भरले. यंत्राच्या स्मृतीत ०.५०६१२७ ही संख्या होती; कागदावर ती ०.५०६ अशी छापली होती. आरंभी दोन्ही गणना जुळल्या. पुढे त्यांच्यात काहीही साम्य उरले नाही.

याचे कारण त्रुटीच्या वाढीत आहे. त्रुटी प्रत्येक टप्प्यावर दुप्पट होते असे मानले, तर २० टप्प्यांत ती १० लाख पटींहून अधिक होते. मोजमाप दहापट अचूक केले तरी भाकिताची मुदत जेमतेम तीन-साडेतीन टप्प्यांनी लांबते. अचूकता गुणाकाराने वाढवावी, तेव्हा मुदत बेरजेने वाढते.

या तत्त्वाची सर्वपरिचित प्रतिमा फुलपाखराची आहे. रे ब्रॅडबरी यांच्या १९५२ च्या ‘अ साउंड ऑफ थंडर’ या कथेत प्राचीन काळात एक फुलपाखरू पायाखाली चिरडले जाते आणि वर्तमानातील निवडणुकीचा निकालही बदलतो. त्यामुळे लोरेन्झ यांची प्रतिमा या कथेतून आली असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु १९६३ च्या एका निबंधात लोरेन्झ यांनी समुद्रपक्ष्याच्या पंखांचे उदाहरण दिले होते. ब्राझीलमधील फुलपाखरू आणि टेक्सासमधील वादळ यांना जोडणारे त्यांच्या १९७२ च्या व्याख्यानाचे शीर्षक फिलिप मेरिलीस यांनी सुचविले होते. शिवाय, पंखांची फडफड वादळ घडवू शकत असेल तर ती ते टाळूही शकेल, असे लोरेन्झ यांनी त्याच व्याख्यानात स्पष्ट केले.

येथे कथा आणि सिद्धांत यांतील भेद उघड होतो. कथेतील प्रवाशाने आधीचे आणि नंतरचे अशी दोन्ही जगे पाहिलेली असतात. म्हणून फुलपाखराला कारण ठरविता येते. लोरेन्झ यांच्यापुढेही दोन गणना होत्या. प्रत्यक्ष वातावरण मात्र एकदाच घडते. तुलनेसाठी दुसरी प्रत मिळत नाही. तेव्हा क्षुल्लक प्रसंगातून महान परिणाम दाखविणाऱ्या प्रत्येक कथानकाला ‘केऑस’ची संज्ञा लावणे योग्य ठरत नाही. असे कथानक कार्यकारणाची साखळी मागे वळून उलगडते; केऑस सिद्धांत नेमकी ती साखळी आधी सांगता येण्याची मर्यादा दाखवितो.