भोगीची भाजी आधी कुणाच्या ताटात?



संक्रांत जवळ आली की गटाच्या बैठकीत कर्जहप्त्यांपेक्षा तिळाच्या भावाची चर्चा जास्त होते. कोण किती किलो लाडू करणार, हळदीकुंकू कुणाच्या अंगणात, वाण काय लुटायचं! चर्चा होऊ द्या. पण या अंकात थोडं वेगळं बोलूया. भोगी आणि संक्रांतीला आपण जे खातो, ते नेमकं याच दिवसांत का खातो? आणि त्यातलं आपल्या स्वतःच्या वाट्याला किती येतं?

“न खाई भोगी तो सदा रोगी” ही म्हण तुम्ही सासूबाईंकडून, आजीकडून ऐकलीच असेल. कुणाला ती धाक दाखवल्यासारखी वाटते. पण भोगीचं ताट समोर ठेवून एकेक पदार्थ पाहिला, की म्हणीतलं शहाणपण समजतं.

भाजी : शेतात जे आहे ते सगळं

भोगीच्या भाजीला कुठे खेंगट म्हणतात, कुठे लेकुरवाळी भाजी. नाव काहीही असो, रीत एकच. वांगी, गाजर, घेवडा, पावटा, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे सोलाणे, ओले शेंगदाणे, जमेल तिथे बोरं आणि उसाचे करवे, वरून तिळाचं कूट. यातलं बरंचसं पौष महिन्यात शेतात, बांधावर किंवा परसात असतंच. म्हणजे सगळ्यात ताजं आणि सगळ्यात स्वस्त.

आता यातली जोडी बघा. भाकरीत धान्य, भाजीत पावटा-हरभरा-शेंगदाणे, वरून तीळ. शरीर घडवणारी प्रथिनं एकट्या धान्यातून पुरती मिळत नाहीत. धान्यात जे कमी असतं ते कडधान्य भरून काढतं, आणि कडधान्यात जे कमी ते तीळ आणि धान्य भरून काढतात. आपल्या आज्यांनी प्रथिनं हा शब्द ऐकलेला नव्हता, पण ताट त्यांनी बरोबर लावलं होतं.

बाजरी : थंडीची भाकरी

थंडीत भूक चांगली लागते आणि जड अन्न पचतं. आयुर्वेदही सांगतो की हेमंत-शिशिर ऋतूत जठराग्नी बलवान असतो. म्हणून उन्हाळ्यात ज्वारी आणि थंडीत बाजरी ही आपल्याकडची जुनी वाटणी. त्यावर तीळ लावायचे आणि लोण्याचा गोळा ठेवायचा.

बाजरीची खरी ताकद लोहात आहे. १०० ग्रॅम बाजरीत साधारण ६ ते ८ मिलीग्रॅम लोह असतं. तेवढ्याच पांढऱ्या पॉलिश तांदळात १ मिलीग्रॅमही नसतं. रेशनचा तांदूळ घरात आला आणि बाजरीचं पीक शेतातून गेलं, तिथे ताटातलं लोहही हळूहळू गेलं. २०२३ हे जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, शहरात बाजरीची बिस्किटं महाग विकली गेली. आपल्याकडे तर भाकरी आहेच. ती फक्त भोगीपुरती ठेवू नका, आठवड्यातून तीन-चार वेळा करा.

एक सूचना : बाजरीत स्निग्धांश असल्यामुळे पीठ लवकर कडू होतं. म्हणून आठ दिवसांपुरतंच दळून आणा.

तीळ आणि गूळ

तिळात जवळजवळ निम्मं तेल असतं. थंडीत कातडी कोरडी पडते, ओठ-टाचा फुटतात, अंगाला ऊब लागते, तेव्हा हे तेल पोटातून मिळतं. शिवाय तीळ म्हणजे कॅल्शियमचा मोठा साठा. सालीसकट १०० ग्रॅम तिळात १,००० मिलीग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम असतं, तर तेवढ्याच दुधात साधारण १२० मिलीग्रॅम. तिळातलं सगळंच काही अंगी लागत नाही हे खरं, पण ज्या घरात दूध डेअरीला जातं आणि घरच्यांना फक्त चहापुरतं उरतं, तिथे रोज दोन चमचे तिळाचं कूट मोलाचं आहे. मात्र तीळ गावरान, सालीचे घ्या. साल काढलेले पांढरेशुभ्र तीळ दिसायला छान, पण कॅल्शियम बहुतेक सालीबरोबर गेलेलं असतं.

गुळाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. गुळात थोडंफार लोह असतं, साखरेत नसतं. पण शेवटी गूळ गोडच. “गूळ खाल्ला की रक्त वाढतं” एवढ्यावर विसंबू नका. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तिळगूळ चवीपुरताच घ्यावा, तिळाची चटणी भाकरीबरोबर खावी.

बोरन्हाण आणि सुगडं

लहान लेकरांना बोरन्हाण घालतो, तेव्हा बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे डोक्यावरून ओततो आणि बाकीची पोरं ती वेचून खातात. घरात बसून बोरं खा म्हटलं तर खाणार नाहीत, पण वेचायला मिळाली की फस्त! सुगडातही गाजर, ऊस, बोरं, हरभरा, शेंगा असतात. नव्या हंगामाची ओळख मुलांना अशीच होते. फक्त तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाताला अख्खे शेंगदाणे, बोराच्या बिया लागू देऊ नका. घशात अडकतात.

संक्रांतीला काळे कपडे घालतो त्याचंही कारण साधं आहे. काळा रंग उन्हातली उष्णता शोषून घेतो.

आता मुद्द्याचं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दहा जणींचा गट बसला, तर त्यात पाच-सहा जणी. चालताना धाप लागणं, डोळ्यांपुढे अंधारी, सतत थकवा. आपण म्हणतो, “कामानं होतंय.” कामानं नाही, ताई, रक्त कमी असल्यानं होतंय.

रोजची लोहाची गरज पुरुषाला १९ मिलीग्रॅम आणि बाईला २९ मिलीग्रॅम सांगितली आहे. पाळीत दर महिन्याला रक्त जातं, म्हणून बाईची गरज जास्त. पण ताटं कशी वाढली जातात? आधी घरातले पुरुष, मग पोरं, मग म्हातारी माणसं, आणि शेवटी आपण. भोगीच्या भाजीतलं पातेल्याला लागलेलं तेवढं आपल्या वाट्याला. ज्या बाईनं पहाटे उठून शेंगा सोलल्या, तीळ भाजले, भाकरी थापल्या, तिच्याच ताटात लोह पोचत नाही. मग सणाचं शहाणपण कुणाच्या कामाचं?

आपल्या परंपरेतच याचं उत्तर आहे. भोगीला सवाष्णीला बोलावून मानानं जेवू घालतात. म्हणजे एका दिवसापुरती तरी बाई आधी जेवते! ही रीत आपण वाढवूया. घरातल्या प्रत्येक बाईसाठी, सुनेसाठी, लेकीसाठी, विधवा सासू-जावेसाठीसुद्धा. भूक आणि रक्त कपाळावरचं कुंकू बघत नाही. काही गटांनी हळदीकुंकवाऐवजी सगळ्या जणींसाठी तिळगूळ समारंभ ठेवायला सुरुवात केली आहे, तसं तुमच्या गटातही बोलून बघा.

गटाने काय करायचं?

१. भोगीच्या दिवशी सगळ्यांची ताटं एकदम वाढा. ते जमत नसेल तर स्वतःसाठी भाजी आधी वाटीत काढून ठेवा. यात लाजायचं काही नाही.

२. जेवणाबरोबर लिंबू, आवळा, पेरू किंवा बोरं खा. आंबटातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्य-भाजीतलं लोह अंगी लागतं.

३. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको. चहा लोह शोषू देत नाही. आपल्याकडे ही सवय मोडणं सगळ्यात अवघड, पण सगळ्यात फुकटही.

४. भाजी लोखंडी कढईत करा.

५. पौषातले उपवास असतील तर नुसत्या साबुदाण्यावर राहू नका, त्यात जवळजवळ पिठूळ भागच असतो. राजगिरा, शेंगदाणे, फळं घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं कडक उपवास करू नये.

६. यंदाचं वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटण्यापेक्षा पालक-मेथीचं बी, शेवग्याचं रोप किंवा लोखंडी पळी-उलथणं द्या.

७. हळदीकुंकवाच्या दिवशी आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सताईंना बोलवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ च्या खाली असेल, गरोदरपणात ११ च्या खाली असेल, तर रक्त कमी आहे. अशा वेळी नुसती भाकरी पुरत नाही, लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. गोळीनं मळमळलं किंवा शौचाला काळं झालं तर घाबरून बंद करू नका, ताईंना विचारा. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नका.

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, म्हणजे वेळ भरपूर आहे. तपासणी झाली की प्रत्येकीचा आकडा तिच्या स्वतःच्या वहीत लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आपण बचतीचा हिशोब दर महिन्याला एका रुपयालाही न चुकता ठेवतो, रक्ताचा हिशोबही तसाच ठेवता येईल.

तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि या वेळी गरम गरम जेवा!