कॉलिन कॅपर्निकला पुन्हा संघ मिळेल काय?

अंगात कसब आहे, वय आहे, काम करण्याची तयारी आहे आणि तरीही काम मिळत नाही. असे झाले की चारचौघे म्हणतात, "नशीब एकेकाचे." पण काही वेळा नशिबाचा त्यात काडीचाही संबंध नसतो. काम देणारेच हात आखडता घेतात आणि तो का घेतला, हे कुठल्याही कागदावर लिहून ठेवत नाहीत.

अमेरिकेतील कॉलिन कॅपर्निक या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूची हकीकत अशीच आहे. १ जानेवारी २०१७ रोजी तो शेवटचा सामना खेळला. त्या दिवसापासून एकाही संघाने त्याला घेतलेले नाही. पुढे कित्येक वर्षे हंगाम जवळ आला की तिकडे एकच चर्चा निघे, "कॅपर्निकला यंदा तरी संघ मिळेल काय?" या प्रश्नाचा सरळ हिशेब आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत. कारण हा प्रश्न नुसत्या खेळाचा नाही, तो रोजीरोटीचा आहे.

जागा कोणती, ती कुणाची?

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पोरे मैदानात खेळतात तो फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. त्यात क्वार्टरबॅक हा सगळ्यात महत्त्वाचा. प्रत्येक डावपेचात चेंडू आधी त्याच्या हाती येतो. तो कुणाकडे फेकायचा, कुणाच्या हाती द्यायचा की आपणच घेऊन धावायचे, हे त्याला दोन-चार सेकंदांत ठरवावे लागते.

व्यावसायिक संघ फक्त ३२. प्रत्येक संघाचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक एकच, शिवाय राखीव एक किंवा दोन. म्हणजे एवढ्या मोठ्या देशात या कामाच्या जागा साठ ते नव्वद, आणि त्यातल्या पहिल्या मानाच्या जेमतेम ३२.

या जागेलाही वर्णभेदाचा इतिहास आहे. धावणे, धडका देणे कृष्णवर्णीयांनी करावे, डोके चालवणे आणि हुकूम देणे गोऱ्यांनी करावे, अशी तिथल्या मालकांची आणि प्रशिक्षकांची समजूत होती. वॉरेन मून हा गुणी कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. १९७८ साली खेळाडूंच्या निवडीत एकाही संघाने त्याचे नाव घेतले नाही. तो कॅनडात जाऊन खेळला, तिथे विजेतेपदे मिळवली आणि १९८४ साली अमेरिकेत परतला. ज्यांनी त्याला नाकारले, त्यांच्याच खेळाच्या सन्मान-दालनात २००६ साली त्याचे नाव लागले. 'सुपर बोल' हा अंतिम सामना जिंकून देणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक डग विल्यम्स. तो दिवस उजाडायला जानेवारी १९८८ यावे लागले.

चढती कमान

कॅपर्निकचा जन्म १९८७ चा. आई गोरी, वडील कृष्णवर्णीय. त्याला एका गोऱ्या जोडप्याने दत्तक घेतले आणि तो कॅलिफोर्नियातील टरलॉक या गावी वाढला. २०११ साली सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या नामांकित संघाने त्याला निवडले. २०१२ च्या नोव्हेंबरात पहिला क्वार्टरबॅक जखमी झाला, याला संधी मिळाली, आणि या पोराने जागा सोडलीच नाही. जानेवारी २०१३ मध्ये ग्रीन बे संघाविरुद्ध तो १८१ यार्ड धावला. एका सामन्यात एवढे अंतर त्याआधी कुठलाच क्वार्टरबॅक धावला नव्हता. फेब्रुवारीत संघ 'सुपर बोल'पर्यंत गेला आणि बाल्टिमोरकडून ३४-३१ असा थोडक्यात हरला. बाल्टिमोरचा क्वार्टरबॅक होता जो फ्लॅको. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

आधी बसला, मग गुडघा टेकला

जुलै २०१६ मध्ये आल्टन स्टर्लिंग आणि फिलँडो कॅस्टील हे दोन कृष्णवर्णीय एकापाठोपाठ एक पोलिसांच्या गोळीने मेले. ऑगस्टमध्ये सामन्याआधी राष्ट्रगीत सुरू असताना कॅपर्निक बाकावर बसून राहिला. पत्रकारांनी विचारले तेव्हा त्याने उत्तर टाळले नाही. जो देश कृष्णवर्णीयांवर जुलूम करतो, त्याच्या झेंड्यासाठी अभिमानाने उभे राहणे आपल्याला जमणार नाही, अशा आशयाचे त्याचे बोलणे होते.

नेट बॉयर नावाच्या माजी सैनिकाला हे खटकले. त्याने कॅपर्निकची भेट घेतली, दोघे बोलले. बसण्यापेक्षा गुडघा टेकावा, सैनिकही आपल्या मृत साथीदाराच्या थडग्यापाशी असाच गुडघा टेकतात, असे त्याने सुचवले. कॅपर्निकने ऐकले. १ सप्टेंबर २०१६ रोजी त्याने आणि त्याचा सहकारी एरिक रीडने गुडघा टेकला.

राष्ट्रगीताला उभे राहावे, हे आपणही लहानपणापासून शिकलो आहोत. त्यामुळे कॅपर्निकची पद्धत कुणाला रुचणार नाही, हे आम्ही समजू शकतो. पण त्याने दगड उचलला नाही, कुणाला शिवी दिली नाही, आणि एका सैनिकाने सांगितले तेव्हा आपली रीत बदलली. एवढे तरी त्याच्या पदरात घालायला हवे.

आकडे काय सांगतात?

त्याचा खेळ उतरला होता म्हणून संघ मिळाला नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. २०१५ मध्ये त्याला पहिल्या जागेवरून काढले होते, खांद्याची शस्त्रक्रिया झाली होती. २०१६ च्या हंगामात संघ १६ पैकी फक्त २ सामने जिंकला, आणि कॅपर्निकने सुरुवात केलेल्या ११ सामन्यांत विजय एकच. पण त्याच हंगामात त्याच्या फेकीवर १६ वेळा गुण मिळाले आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला तो अवघा ४ वेळा. हे काही टाकाऊ माणसाचे आकडे नव्हेत.

मार्च २०१७ मध्ये त्याने करार सोडला. तो सोडला नसता तरी आम्ही त्याला काढणारच होतो, असे संघाच्या व्यवस्थापनाने सांगितले. आता प्रश्न पहिल्या ३२ जागांचा नव्हताच. साठ-नव्वद जणांत हा बसतो की नाही, एवढाच होता. सिएटल संघाने त्याला भेटीला बोलावले आणि घेतले नाही. तो पहिल्या पसंतीचा खेळाडू आहे आणि आमच्याकडे तसा एक आहेच, असे त्यांच्या प्रशिक्षकांचे म्हणणे पडले. म्हणजे जास्त शिकला म्हणून शिपायाची जागा नाही, आणि साहेबाची जागा तर भरलेलीच! मायामी संघाचा क्वार्टरबॅक जखमी झाला, तेव्हा त्यांनी निवृत्त होऊन टीव्हीवर समालोचन करायला निघालेल्या जे कटलरला परत बोलावले. कॅपर्निक घरीच राहिला.

सप्टेंबर २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अलाबामातील सभेत, अशा खेळाडूंना मालकांनी हाकलून द्यावे, असे जाहीरपणे सांगितले. त्यानंतरच्या रविवारी दोनशेहून अधिक खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी बसले किंवा त्यांनी गुडघा टेकला. मालक एकालाही हात लावू शकले नाहीत. दोनशे जणांना घरी बसवले तर खेळणार कोण?

दावा आणि तडजोड

ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅपर्निकने तक्रार दाखल केली. मालकांनी आपसात संगनमत करून आपल्याला बाहेर ठेवले, असा त्याचा आरोप होता. इथे कायद्याची मेख पाहा. खेळाडू आणि मालक यांच्यातील सामूहिक करारानुसार, काम मिळाले नाही एवढाच पुरावा पुरत नाही. संगनमत झाले हे सिद्ध करावे लागते. आणि असले ठराव इतिवृत्तात कोण लिहितो? तरीही ऑगस्ट २०१८ मध्ये लवादाने ही तक्रार फेटाळायला नकार दिला आणि ती सुनावणीला पाठवली. फेब्रुवारी २०१९ मध्ये तडजोड झाली. तिच्या अटी गुप्त ठेवण्यात आल्या.

तीनदा दार किलकिले झाले

नोव्हेंबर २०१९ मध्ये अटलांटात त्याची चाचणी ठरली. सही करायच्या कागदावरून आणि पत्रकारांना आत सोडण्यावरून वाद झाला. शेवटी त्याने एका शाळेच्या मैदानावर चेंडू फेकून दाखवले. बोलावणे कुठूनच आले नाही. मे २०२२ मध्ये लास व्हेगास संघाने चाचणी घेतली, करार दिला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्क जेट्सचा क्वार्टरबॅक पहिल्याच सामन्यात जखमी झाला. कॅपर्निकने त्यांना पत्र लिहिले, की मुख्य संघात नको, सरावाच्या संघात तरी घ्या. 'सुपर बोल' खेळलेल्या माणसाने एवढे खाली उतरून मागितले, तरी उपयोग झाला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लीव्हलँड संघाने घरी बसलेल्या एका खेळाडूला सरावाच्या संघात घेतले. तो होता जो फ्लॅको, वय ३८. त्याने संघाला बाद फेरीत नेले आणि त्याचा मोठा गौरव झाला. फ्लॅको आदल्या वर्षापर्यंत खेळत होता, कॅपर्निक सहा वर्षे मैदानाबाहेर होता, हा फरक आम्ही मान्य करतो. पण ही सहा वर्षे त्याने स्वतःहून मागितली नव्हती.

मग उत्तर काय?

उत्तर स्पष्ट आहे. क्वार्टरबॅक म्हणून कॅपर्निकला आता संघ मिळणे जवळजवळ अशक्य आहे. तो चाळिशीला टेकला आहे, आणि या खेळात एवढा खंड पडल्यावर कुणी परतत नाही. लॉस एंजेलिस चार्जर्सचे प्रशिक्षक झालेले त्याचे जुने गुरू जिम हार्बॉ यांनी २०२४ मध्ये सांगितले, की आपण त्याला प्रशिक्षकाच्या कामाबद्दल विचारले आहे. दार उघडलेच तर ते त्या बाजूचे.

मात्र तो रडत बसला नाही. २०१६ मध्येच त्याने तरुणांसाठी 'आपले हक्क ओळखा' नावाचे शिबिर सुरू केले होते. त्याचे दहा कलम ब्लॅक पँथर पक्षाच्या दहा कलमी कार्यक्रमावरून घेतलेले आहेत. त्याच ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरचे नाव ठेवले गेले, हे वाचकांना सांगायला नकोच. पोलिसांशी संबंधित मृत्यूंमध्ये कुटुंबीयांना दुसरी शवचिकित्सा विनामूल्य करून देण्याचे कामही या शिबिराने २०२२ मध्ये हाती घेतले.

कॅपर्निकच्या गाठीला कोट्यवधी डॉलर होते. २०१८ मध्ये नायके कंपनीची जाहिरातही मिळाली. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला असा आधार नसतो. म्हणून "तुम्हीही एकट्याने उभे राहा" असे आम्ही कुणाला सांगणार नाही. घरी चूल पेटवायची असते, हे आम्हालाही कळते.

पण दुसरी गोष्ट जरूर सांगू. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी कबूल केले, की खेळाडूंचे आधी ऐकले नाही ही आमची चूक झाली. त्या बोलण्यात कॅपर्निकचे नाव नव्हते. दोनशे जणांनी गुडघा टेकला, तेव्हा सर्वांच्या नोकऱ्या शाबूत राहिल्या. सुरुवातीला फक्त दोघे होते. पहिल्याला २०१७ पासून संघ मिळाला नाही. एरिक रीडला २०१८ मध्ये मिळाला, पण २०२० मध्ये सुटल्यावर तोही पुन्हा खेळला नाही. किंमत पहिल्यांनी मोजली, संरक्षण नंतरच्यांना मिळाले.

तेव्हा कारखान्यात, कचेरीत किंवा वस्तीत अन्यायाविरुद्ध अर्ज फिरू लागला आणि त्यावर एकच सही दिसली, तर "बघू या काय होते" म्हणून कागद पुढे सरकवू नका. दुसरी सही त्याच दिवशी करा, आणि तिसरी करणाऱ्याला बोलावून आणा.