शौक सात, दिवस एक

मराठीत ‘छंद’ म्हणतात, आपल्या घरांत ‘शौक’. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे या शब्दांशी माझी रोजची गाठ पडते. शौक हा मूळ अरबी शब्द, अर्थ ओढ, तळमळ. वेळ जात नाही म्हणून काहीतरी करत बसणे, हा अर्थ त्यात मुळात नाही. तो आपण नंतर चिकटवला.

यंदा नववीच्या वर्गात मुलांना आपापले शौक लिहायला सांगितले. एका मुलीने सात लिहिले. मेंदी, खुशखती, बॅडमिंटन, केक, क्रोशा, चित्रकला आणि नातख्वानी. यात फुशारकी नव्हती. ईदच्या आदल्या रात्री गल्लीतल्या बायका तिच्यापुढे हात घेऊन बसतात, हे मला ठाऊक आहे. पण यातले पूर्ण काय झाले असे विचारल्यावर ती घुटमळली. म्हणाली, “मॅडम, सगळंच चालू आहे.”

हे ‘सगळंच चालू आहे’ आता बहुतेक घरांत दिसते. कपाटाच्या खालच्या कप्प्यात अर्धा विणलेला रुमाल, वाळून दगड झालेल्या रंगाच्या ट्यूबा, एकदाच वापरलेला केकचा साचा. मोबाइलवर रोज कुणीतरी पंधरा मिनिटांत काहीतरी नवे शिकवते आणि सामान घरपोच येते. मराठीत याला जुनी म्हण आहे, एक ना धड, भाराभर चिंध्या. मुलांना मात्र ती ऐकवू नये. ती हिरमुसतात आणि धड होणारेही सोडून देतात.

खुशखतीचेच पाहा. बोरूचे टोक तिरके कापायचे, शाईत बुडवून कागदावर टेकवले की चौकोनी ठिपका उमटतो. तो नुक्ता. अक्षरांची सारी मापे या नुक्त्यांत मोजतात. नस्तालीकमधला अलिफ तीन नुक्ते उंच. बे किती लांबवायची, नूनचे पोट किती खोल ठेवायचे, हेही नुक्त्यांवरच ठरते. पूर्वी तख्तीला मुलतानी माती फासून वाळवत, लिहून झाले की धूत आणि पुन्हा लिहीत. रोज वीस मिनिटे बसणाऱ्याचा हात काही महिन्यांत वळू लागतो. रविवारी सलग तीन तास बसून बाकीचे सहा दिवस बोरूला न शिवणारा मात्र दर रविवारी पहिल्या अलिफाशीच झगडत असतो.

म्हणजे सगळे शौक एका जातीचे नसतात. खुशखती, गळा, खेळ यांना रोजची हजेरी लागते. क्रोशाचा रुमाल डब्यात चार महिने पडून राहिला तरी टाके तिथेच असतात, आणि केक करायला वाढदिवसाची वाट पाहता येते. शाळा, घर, नमाज, कुरआनचा सबक आणि झोप एवढे सांभाळून मुलाच्या दिवसात रोजच्या हजेरीचा एक शौक बसतो, फार तर दोन. थांबून राहणारे शौक वर्षाकाठी चार-पाच झाले तरी बिघडत नाही. निवड करायची ती पहिल्या जातीत.

सलीम अलींचे उदाहरण मी वर्गात नेहमी देते. जन्म 1896, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तैयबजींनी वाढवले. एअरगनने चिमण्या टिपायचा नाद होता. एकदा गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी हाती लागली, म्हणून मामांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्ड साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले आणि मुलाची दिशा ठरली. पुढे बर्माला खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवसायात गेले तरी पक्षी सुटले नाहीत. जर्मनीहून शिकून आल्यावर नोकरी नव्हती. त्या दिवसांत, 1930 साली, अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना मोटारसायकलींचाही भारी शौक होता, आणि तो त्यांनी मारला नाही. 1950 साली स्वीडनमध्ये पक्षीतज्ज्ञांची परिषद भरली, तेव्हा आपली सनबीम मोटारसायकल त्यांनी युरोपला नेली. दुसरा शौक असा पहिल्याच्या वाटेवर चालणारा असला तर तो ओझे होत नाही.

निवड कोणी करायची, इथे घरात वाद होतो. त्या मुलीच्या अम्मींचे म्हणणे होते, मेंदी ठेव, चार पैसे मिळतात. अब्बांचे म्हणणे, पुढच्या वर्षी दहावी, सगळेच बंद. दोघांचेही चुकत नव्हते. पण सगळे एका दिवसात बंद केले की दहावीनंतर मूल त्यातल्या कशाकडेच परतत नाही. मुलींच्या बाबतीत तर नाहीच, कारण तोवर घरातली कामे त्या जागेत येऊन बसलेली असतात. मी अम्मी-अब्बांना एवढेच सुचवले की महिनाभर तिला काही सांगू नका. कुणी म्हटले नसताना ती कशाला हात लावते, ते फक्त पाहा. महिन्याअखेर बोरूची शाई चादरीवरही सांडलेली होती. आता फज्रनंतर वीस मिनिटे खुशखती, ती दहावीतही चालणार, हे अब्बांनी कबूल केले आहे. मेंदी ईदला आणि लग्नसराईत.

आणि घरातल्या अम्मींचे काय? मुलांच्या क्लासच्या वेळा सांभाळताना पहिला बळी त्यांच्याच शौकाचा जातो. शिलाई मशीनवर कपड्यांच्या घड्या रचलेल्या असतात. मुलाला रोजची वीस मिनिटे मिळतात, तर त्याच वेळी अम्मींनाही मिळावीत. चहा कोण करणार, हा प्रश्न अब्बा किंवा दादी सोडवू शकतात.

राहिले कपाटातले सामान. ज्या शौकाला यंदा हात लावायचा नाही, त्याचे रंग, लोकर, कागद जवळच्या शाळेत नेऊन द्या. सुकायला ठेवू नका. वर्गात ते दोन दिवस पुरत नाहीत.