वस्तऱ्याचे वय

बँकेच्या सेवेत असताना सही, शिक्का आणि तारीख या तिन्ही गोष्टी पाहिल्याखेरीज कागद पुढे सरकवायचा नाही, हे अंगवळणी पडले होते. निवृत्तीनंतर जुने वस्तरे जमवण्याचा छंद जडला, तेव्हा ही सवय उपयोगी पडेल असे वाटले. पडलीही. पण एकदा नुसता शिक्का पाहून मी तारीख सांगून मोकळा झालो आणि ती चूक दुसऱ्याच्या दारी जाऊन निस्तरावी लागली.

दारव्ह्याला एका वृद्ध नाभिक गृहस्थांचे दुकान आहे. आता तेथे नातू अर्ध्या ब्लेडने श्मश्रू करतो. आजोबांची धोकटी भिंतीला टांगलेली असते. तीत नराणी, चामोटा आणि एक विलायती वस्तरा होता. पात्याच्या मुळाशी, जेथे ते मुठीला खिळ्याने जोडलेले असते, तेथे राजमुकुट आणि 'जी. आर.' ही अक्षरे होती. पणजोबांच्याही आधी देशमुखांच्या वाड्यातून हा वस्तरा बक्षीस मिळाला, अशी घरात समजूत होती. मी म्हणालो, 'चौथ्या जॉर्ज राजाचा काळ. म्हणजे १८३० च्या आधीचा.' घरातील सर्वांचे चेहरे उजळले.

वस्तऱ्याचे वय ठरवण्याची मुख्य जागा म्हणजे पात्याचे हे मूळ. इंग्लंडमधील शेफील्डचे कारागीर तेथे आपले नाव व चिन्ह ठोकीत. मात्र नावावर विसंबून चालत नाही. जोसेफ रॉजर्स या प्रसिद्ध पेढीचे तारा व क्रॉस हे चिन्ह १६८२ पासूनचे मानले जाते आणि ते विसाव्या शतकातील मालावरही आढळते. राजाच्या आद्याक्षरांचा आधार त्याहून बरा. 'डब्ल्यू. आर.' असेल तर १८३० ते १८३७ मधील विल्यम राजा, 'व्ही. आर.' असेल तर १८३७ पासून १९०१ पर्यंत व्हिक्टोरिया राणी.

'सिल्व्हर स्टील' ही अक्षरे दिसली की मला विशेष आनंद होतो, कारण त्यांच्यामागे आपल्याकडील एक धागा आहे. भारतीय वूट्झ पोलादाचे नमुने डॉ. हेलिनस स्कॉट यांनी मुंबईहून लंडनला धाडले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर शोधनिबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट हे हत्यारे घडवणारे कारागीर या पोलादाने भारावून गेले. पुढे त्यांनी व लोहाराचे पुत्र असलेल्या मायकेल फॅरेडे यांनी मिळून तशा गुणाचे पोलाद बनवण्याचे प्रयोग केले. १८२० च्या सुमारास पाचशे भागांत एक भाग चांदी मिसळून त्यांनी उत्तम पोलाद केले. नंतर शेफील्डकरांनी ते नाव सर्रास वापरले. चांदी असो वा नसो! तरीही ही अक्षरे असलेला वस्तरा १८२० च्या आधीचा नाही, एवढे नक्की होते.

मूठही बोलते, पण ती बदललेली असू शकते. जुन्या मुठी शिंगाच्या, कासवाच्या कवचाच्या वा हस्तिदंताच्या. हस्तिदंताचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे आणि आपल्या घरात तो शोभणारही नाही. मी त्याला हात लावत नाही. १८७० नंतर सेल्युलॉइड आले. ते चोळून गरम केले की कापराचा वास येतो. आपल्या यवतमाळी उन्हाळ्यात असे वस्तरे बंद डब्यात ठेवू नयेत. सेल्युलॉइड विघटू लागले की पात्याला गंज चढतो.

दोनेक महिन्यांनी दारव्ह्याहून निरोप आला. माझ्या शब्दावर नागपूरच्या एका ग्राहकाने चांगली किंमत देऊ केली होती. त्या पैशांतून नातू दुकानासाठी नवी खुर्ची घेणार होता. विक्रीपूर्वी 'साहेबांनी एकदा साफ करून द्यावा', एवढीच विनंती. मी तेलाचा बोळा घेऊन बसलो. मुळाच्या दुसऱ्या बाजूचा गंज सुटला आणि खाली 'इंग्लंड' हा शब्द उमटला. अमेरिकेच्या मॅकिन्ली जकात कायद्याने १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. हा शब्द बहुधा त्यानंतरच्याच मालावर सापडतो. मी शिंगाची समजलेली काळी मूठ चोळली, तर कापराचा वास. पात्याच्या बाजूही पोकळ घासलेल्या होत्या; अशी घडण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. ती तर मला पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती. 'जी. आर.' म्हणजे १९१० साली गादीवर आलेला पाचवा जॉर्ज, किंवा त्याच्यानंतरचा सहावा. माझे अनुमान शतकभराने चुकले होते.

ती रात्र बेचैनीत गेली. गप्प राहिलो असतो तर ग्राहकाला कदाचित कधीच कळले नसते. सकाळच्या पहिल्या एस. टी.ने दारव्हा गाठले आणि नातवासमोरच सारे सांगितले. त्याचा चेहरा पडला. तो काही न बोलता गिऱ्हाइकाच्या मानेला टॉवेल गुंडाळू लागला. आजोबांनी वस्तरा हातात घेतला, उघडला. शिल्लीवर घासून घासून पाते मूळच्या रुंदीच्या निम्म्यावर आले होते.

'साहेब, वाड्यातला नाही मंग,' ते म्हणाले. 'मंग तं हा माया बापानंच घेतला. घासला बी त्यानंच.'

नागपूरच्या ग्राहकाला मीच फोन करून खरे वय कळवले. नव्या किमतीबद्दल त्याने विचारले. पण तोवर आजोबांनी वस्तरा पुन्हा धोकटीत ठेवून दिला होता.