कड्यावरची खातेवही

नोकरीची सगळी वर्षं बँकेत गेली म्हणून असेल, पण एखाद्या मोठ्या कामाची गोष्ट ऐकली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो : याचे पैसे कोण देतं? टिम बर्कहेड या ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञाच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर मोठं विलक्षण निघालं.

वेल्सच्या किनाऱ्याजवळ स्कोमर नावाचं लहानसं बेट आहे. त्याच्या कड्यांवर गिलेमॉट हे समुद्रपक्षी विणीसाठी येतात. बदकाएवढे, काळे-पांढरे, दुरून पेंग्विनची आठवण करून देणारे. घरटं बांधायची भानगड नाही. विरार लोकलमधल्यासारखे एकमेकांना खेटून उभे राहतात आणि मादी उघड्या खडकावर एकच अंडं घालते. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की, धड उडता येत नसताना, कड्यावरून खाली झेप घेतं आणि बाप त्याला घेऊन समुद्रात निघून जातो. होय, बाप! आमच्या पिढीतल्या पुरुषांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचायला हरकत नाही.

बर्कहेड १९७२ साली ऑक्सफर्डचे विद्यार्थी म्हणून तिथे गेले, तेव्हा बेटावर दोनेक हजार गिलेमॉट उरले होते. १९३० च्या दशकात ते लाखाच्या घरात होते. महायुद्धात बुडालेल्या जहाजांचं तेल त्यांना भोवलं असं मानतात. बर्कहेड यांनी पक्ष्यांच्या पायात कडी घालायला सुरुवात केली. कोण परतलं, कोण नाही, कितव्या वर्षी पहिलं अंडं घातलं, किती पिल्लं जगली, याची नोंद दरवर्षी व्हायची. पुढे ते शेफील्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले, तरी वही चालूच राहिली.

कोणीही हिशेबी माणूस विचारेल, एवढा उपद्व्याप कशाला? वर्षातून एकदा डोकी मोजली की झालं! पण डोकी मोजणं म्हणजे नुसती शिल्लक बघणं. शिल्लक तेवढीच दिसते म्हणून खात्यात उलाढाल झालीच नाही असं कोणी म्हणत नाही. जमा-नावेचे रकाने पाहावे लागतात. या वहीतूनच २००५ साली निष्कर्ष निघाला, की ज्या हिवाळ्यात समुद्रात मोठी तेलगळती होते, त्या हिवाळ्यात प्रौढ गिलेमॉटच्या मृत्यूचं प्रमाण दुप्पट होतं. पुढची गंमत अशी, की मेलेल्यांच्या रिकाम्या जागांवर एरवी ताटकळत राहिलेली तरुण मंडळी येऊन बसतात. म्हणजे नुसती डोकी मोजणाऱ्याला दुर्घटनेचा खरा आकार कळणारच नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत ‘सी एम्प्रेस’ हे तेलवाहू जहाज याच किनाऱ्यावर खडकांवर आदळून सुमारे ७२ हजार टन तेल सांडलं होतं. तेव्हा हा प्रश्न पुस्तकी मुळीच नाही.

आणि ही वही तीन वर्षांच्या अनुदानावर लिहिता येत नाही. गिलेमॉट पहिलं अंडं घालतो साधारण सहा-सात वर्षांचा झाल्यावर. यंदा कडी घातलेल्या पिल्लाने उत्तर द्यायच्या आधीच अनुदान संपून, अहवाल छापून, सत्कारही झालेला असतो! मध्ये एखादं वर्ष कोणी गेलंच नाही, तर त्या वर्षी न दिसलेला पक्षी मेला की नुसता नजरेआड झाला, हे सांगणं अवघड होतं.

२०१३-१४ च्या हिवाळ्यात अटलांटिकमध्ये वादळांमागून वादळं आली. युरोपच्या किनाऱ्यांवर हजारो समुद्रपक्षी मरून पडले. हे वर्ष तर वहीत नोंदवायलाच हवं होतं. नेमक्या त्याच सुमारास तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने पैसे थांबवले. रक्कम किती? वर्षाला सुमारे १२ हजार पौंड. त्या वेळच्या भावाने बारा लाख रुपये. एखाद्या सरकारी इमारतीच्या रंगरंगोटीला याहून जास्त लागत असतील.

माझ्या अनुभवाने सांगतो, मोठं कर्ज मंजूर करून घेणं एक वेळ सोपं. लहान रक्कम, दरवर्षी, न चुकता, आणि फीत कापायला काही नाही, अशा कामाला दाता मिळणं फार कठीण. आपल्याकडे सलीम अलींचंच पाहा. १९३० मध्ये जर्मनीहून शिकून आले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा निधीअभावी रद्द झालेली. मग ते किहीमला जाऊन राहिले आणि सुगरण पक्ष्याचं ते प्रसिद्ध निरीक्षण तिथे झालं. पण असा योग प्रत्येकाच्या नशिबी कुठला? शिवाय स्कोमरच्या कड्यावर सासुरवाडीचं घरही नाही!

बर्कहेड यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात अशा दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासांची कैफियत मांडली आणि सरळ लोकांपुढे हात पसरला. ज्यांनी बहुधा आयुष्यात एकही गिलेमॉट जवळून पाहिला नसेल, अशांनीही थोडेथोडे पैसे दिले. एका प्राध्यापकाने वर्गणी गोळा करत फिरावं हे मला फारसं रुचलं नाही; ते काम सरकारचं होतं. पण वहीचं पान कोरं राहिलं नाही. २०२२ मध्ये या अभ्यासाला पन्नास वर्षं झाली. वादळी हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात कड्यावर जन्मलेली आणि जगलेली पिल्लं तोवर स्वतः अंडी घालण्याच्या वयाची झालेली होती.