सांदण दरीत तंबू टाकायचाय? मग निघण्याआधी परवानगीचं गणित समजून घ्या

नातेपुत्याच्या पोरांना तंबूचं अप्रूप नाही. दर आषाढीला माऊलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला येते आणि एका रात्रीत गावाभोवतीची रानं राहुट्यांनी भरून जातात.

पण या राहुट्या वाटेल तिथं पडत नाहीत. दिंडीची गाडी आधी पुढं येते, ठरलेल्या जागेवर राहुट्या उभारते. पाण्याचा टँकर कुठं, स्वयंपाक कुठं, सकाळी कुणी कितव्या नंबरला निघायचं, सगळं ठरलेलं असतं. म्हणून एवढी माणसं एका रात्रीसाठी येतात आणि सुखरूप पुढं जातात.

आता दुसरं चित्र बघा. कुणीतरी ग्रुपवर सांदण दरीचं रील टाकतं. खाली मेसेज येतो, "शनिवारी निघू, दरीतच तंबू टाकू." गाडी कुणाची, चिकन कोण आणणार, सगळं ठरतं. परवानगी कुणाची घ्यायची, हे मात्र कुणी विचारत नाही.

म्हणून आज तेच समजून घेऊ.

सांदण दरी आहे कुठं?

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या मागच्या अंगाला साम्रद नावाचं गाव आहे. गावापासून थोडं चाललं की जमीन अचानक दुभंगलेली दिसते. दोन्ही बाजूंना दोनशे ते चारशे फुटांचे कडे आणि मधून जेमतेम वाट. ऊन तळापर्यंत फार वेळ पोचत नाही, म्हणून लोक तिला 'सावल्यांची दरी' म्हणतात.

'आशियातली दुसरी सर्वात खोल दरी' हे रीलवरचं वाक्य मात्र विसरा. तिबेटमधली त्सांगपो आणि नेपाळमधली काली गंडकी, दोन्हींची खोली हजारो मीटर आहे. सांदण भारी आहे, पण तिला खोटं बिरुद लागत नाही.

नातेपुत्याहून जायचं तर पालखी मार्ग उलटा धरून पुणे, तिथून नाशिक रस्त्यानं संगमनेर आणि पुढं अकोले, राजूर, भंडारदरा. तीनशे किलोमीटरच्या पुढचा प्रवास आहे. एवढं जाऊन नाक्यावरून परत फिरायचं नसेल तर पुढचं नीट वाचा.

परवानगी लागतेच का?

हा परिसर कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली हे अभयारण्य जाहीर झालं. म्हणजे इथं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे.

या कायद्याचं कलम २७ सांगतं की अभयारण्यात कुणालाही सहज शिरता येत नाही. तिथं राहणारे, तिथं जमीन असणारे, ड्युटीवरचे सरकारी कर्मचारी आणि सार्वजनिक रस्त्यानं जाणारे यांना सूट आहे. बाकीच्यांना कलम २८ खाली परवाना लागतो. पर्यटन आणि फोटोग्राफी ही दोन्ही कारणं त्या कलमात आहेत. म्हणजे कायदा तुम्हाला येऊ नका म्हणत नाही, विचारून या म्हणतो.

नियम मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाची रक्कम २०२२ च्या दुरुस्तीत वाढली. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला कलम ३० नं मनाई आहे.

हा कायदा फक्त सह्याद्रीपुरता नाही. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यालाही तोच लागू आहे.

पावती म्हणजे मुक्कामाची परवानगी नव्हे

सगळ्यात मोठा घोळ इथं होतो. नाक्यावर पैसे भरले, पावती मिळाली, की पोरांना वाटतं झालं काम. पण प्रवेश शुल्काची पावती आत यायची असते. रात्री कुठं राहायचं हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर जमीन कुणाची यावर ठरतं.

गावातली खासगी जमीन असेल तर मालकाची संमती लागते. साम्रदमध्ये गावकरी जेवणाची आणि तंबूची सोय करतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हाच सोपा मार्ग. चार पैसे गावात राहतात आणि वाट माहीत असलेला माणूसही मिळतो.

वनजमीन असेल तर वन विभागाला विचारल्याशिवाय तंबूची खुंटीसुद्धा ठोकू नका.

काही ट्रेकर दोन दिवसांचा बेत करतात. दोर लावून दरी उतरतात, खालच्या टोकाला मुक्काम करतात आणि शहापूर तालुक्यातल्या डेहणे गावाकडं निघतात किंवा करोली घाटानं परत साम्रदला चढतात. असा बेत असेल तर "खाली रात्र काढणार आहोत" हे अर्जात स्पष्ट लिहा.

अर्जात काय लिहायचं?

भंडारदऱ्याच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावानं साधा अर्ज करा. अधिकार त्यांच्या वरच्या कार्यालयाकडं असेल तर तिथूनच कळेल. निदान दोन-तीन आठवडे हातात ठेवा. अर्जात या गोष्टी हव्यात:

- सगळ्यांची नावं, वय, ओळखपत्राच्या प्रती
- आत जायची आणि बाहेर पडायची तारीख, वेळ
- वाट कोणती आणि मुक्काम नेमका कुठं
- गाडीचे नंबर
- सोबतचा स्थानिक वाटाड्या किंवा संस्था
- घरच्या एका माणसाचा फोन नंबर
- ड्रोन उडवायचा असेल तर तो वेगळा उल्लेख

पैसे घेऊन नेणाऱ्या संस्थेबरोबर जात असाल तर तिची नोंदणी विचारा. महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक विचारल्यावर जो विषय बदलतो, त्याला आगाऊ पैसे पाठवू नका.

एवढा कुटाणा कशासाठी?

कारण अरुंद दरीत पाणी सांगून येत नाही.

१२ ऑगस्ट १९९७ ची गोष्ट. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामध्ये अँटिलोप कॅन्यन नावाची अशीच चिंचोळी घळ आहे. त्या दिवशी पर्यटक आत होते. पाऊस पडला तो काही मैल वरच्या बाजूला, दरीवर फारसा नाहीच. पण तिथलं पाणी लोंढा होऊन घळीत शिरलं आणि अकरा पर्यटकांचा जीव गेला. आज तिथं वाटाड्याशिवाय जाता येत नाही.

त्याच राज्यातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये दिवसा पायी फिरायला परवाना लागत नाही, पण दरीत रात्र काढायची तर लागतोच. कोणत्या रात्री, कोणत्या भागात, किती जण, हे त्यात लिहिलेलं असतं. आत शेकोटीला बंदी आहे. तिथं उन्हाची आणि पाण्याच्या टंचाईची भीती मोठी, आपल्याकडं पावसाची. हिशोब एकच: आत कोण आहे आणि कधी बाहेर यायला हवं, हे बाहेरच्या कुणाला तरी माहीत पाहिजे.

साम्रदच्या शेजारचं घाटघर हे नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणून ओळखलं जातं. त्यामुळं पावसाळ्यात दरीत उतरायचा विचारही नको. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस कधीही येऊ शकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, तरी सुरुवातीच्या डोहांत तेव्हाही पाणी असतं. निघायच्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज बघा, विजांसाठी 'दामिनी' अ‍ॅप ठेवा. आणि साम्रदचा माणूस "आज नको" म्हणाला, तर अंदाज काहीही सांगू दे, नको म्हणजे नको.

शेवटची उजळणी

- तंबू दरीच्या पात्रात कधीच नाही, पात्र कोरडं असलं तरी नाही
- माणशी निदान तीन-चार लिटर पाणी, टॉर्च, जास्तीच्या बॅटऱ्या
- शेकोटी आणि स्पीकर घरी, कचरा पिशवीत भरून परत
- दरीत मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका, बेत घरी कागदावर लिहून ठेवा
- अडचणीत ११२, वन विभागाची हेल्पलाइन १९२६
- बाहेर आल्यावर घरी आणि वाटाड्याला कळवा

वारीत एखादा माणूस रात्री राहुटीवर पोचला नाही तर दिंडीत लगेच कळतं, कारण तो कुठं असायला हवा हे सगळ्यांना माहीत असतं. परवानगीचा कागद हेच काम करतो. तुम्ही ठरल्या वेळी परतला नाहीत तर शोध कुठून सुरू करायचा, हे त्याच कागदावर लिहिलेलं असतं.

ग्रुपवर "शनिवारी निघू" असा मेसेज आला, तर हा लेख तिथंच टाका आणि विचारा, "अर्ज कोण करतंय?"